नीलेशच्या नावावर

जाळीत अडकलेला तो केस लांब होता — नीलेशचा असूच शकणार नाही इतका लांब, आणि टोकाकडे मेंदीने तांबूस झालेला... कॉम्प्युटरच्या जळालेल्या पॉवर सप्लायच्या पंख्याला दोन वेढे घालून तो जाळीतून बाहेर आला होता आणि दुकानातल्या वाऱ्याने हलत होता, तिथे काउंटरवर, सगळ्यांच्या देखत, आणि अजून कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं. मंजुषा वस्तू नीट बघायची म्हणून वाकल्यासारखी वाकली, केस चिमटीत धरून तिने हलकेच ओढला आणि मूठ मिटून हात पदराखाली घेतला. सप्लायला अजून वास येत होता. करपलेल्या रबराचा, आणि त्याखाली काहीतरी गोडसर — परवा संध्याकाळी खोलीभर पसरला होता तोच.

परागने जळक्या सप्लायच्या दोन बाजूंना दोन नवे आणून ठेवले. पाचबत्ती नाक्याजवळचं हे दुकान त्याचं. शाळेत तो नीलेशच्या, तिच्या मुलाच्या, दोन वर्षं पुढे होता, आणि घरचा कॉम्प्युटर त्या दोघांनीच एकेक भाग जमवत जोडला होता.

"काकू, हा साधा. टायपिंग, इंटरनेट, सरांची शाळेची कामं, सगळ्याला पुरेल. आणि हा मोठा. आत नीलेशचं ग्राफिक्स कार्ड आहे ना, ते करंट जास्त ओढतं. साध्यावर कॉम्प्युटर चालेल, पण गेम लावला की लोड येणार आणि पुन्हा हेच होणार. या खेपेला कार्डही जाईल कदाचित."

"म्हणजे गेम खेळायचा असेल तरच मोठा," तिचा नवरा रोहिदास म्हणाला. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर तो तसाच आला होता, बाहीवर खडूची पूड घेऊन.

"हो सर."

"मग प्रश्नच मिटला. खेळणारा नाशिकला आहे."

खेळणारा... तिने साधा सप्लाय उचलून पाहिला. हातात काही आहे असं वाटू नये इतका तो हलका होता, आणि हलकेपणाचं तिला कधीच बरं वाटत नाही — अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका, रोज कुठल्या ना कुठल्या पाड्यावर काट्याच्या झोळीत कुणाचं तरी पोर ठेवायचं, आणि झोळी ताणलीच जात नाही अशी पोरं तिने इतकी पाहिली होती की आता तराजू न बघताही कळायचं. तिने तो खाली ठेवला. खेळणारा नाशिकला आहे. कुणी विचारलं तर कुणालाही हेच खरं वाटेल. बेचाळीस वर्षांची बाई, खोडाळ्याच्या शेतमजूर कोंडीची मुलगी, जिच्या आईचा जन्म नागलीच्या वावरात वाकून गेला, जिला पाड्यापाड्यावर मॅडम म्हणतात — ती संध्याकाळी दार लोटून घेते आणि बंदूक घेऊन पडक्या इमारतींतून हिंडते, हे कुणाच्या डोक्यात तरी येईल का? माझ्याच डोक्यात आलं नसतं.

शिकवलं होतं नीलेशनेच. इंजिनिअरिंगला जाण्याआधीच्या सुट्टीत. ऑफिसात कॉम्प्युटर येणार म्हणत होते आणि तिचा हात माउसवर बसत नव्हता, बाण भलतीकडेच पळायचा, तेव्हा तो हसत म्हणाला होता, "आई, तू हे खेळ. दोन दिवसांत हात बसेल." आणि ती मेली होती, लगेच, भिंतीकडे तोंड करून उभी असताना, आणि दोघं किती हसले होते... मग तो गेला. ती त्याचं टेबल पुसायची. रोहिदास शाळेतून आला की गावात, पतपेढीत, मित्रांत. एकदा ती दाभोशाच्या अंगणवाडीहून आली — तिथे काय झालं होतं ते तिला आठवायचं नाही, एवढंच की काट्याची झोळी रिकामी होती आणि पोराची आई झोळीकडेच बघत होती — घरी येऊन तिने चहा टाकला नाही, देवापाशी बसली नाही, नीलेशच्या खुर्चीत जाऊन बसली. त्या खेळात एक बरं होतं. पडलेली माणसं पुढच्या डावात उठून उभी राहायची. सगळी. वावर गावाकडे भुकेने पोरं गेली त्या वर्षी ती नवी सेविका होती, तेव्हापासूनचा कुठलाच चेहरा असा परत उभा राहिला नव्हता.

पण हे आपण स्वतःला सांगतो ते. चांगलं वाटावं म्हणून. खरं म्हणजे तिला मजा येत होती. दाराआड दबा धरायला, पावलं ऐकायला, पहिली गोळी आपण झाडायला... गेल्या आठवड्यात दाभोशाची सेविका, हौशी, दारापर्यंत आली होती, "मॅडम, आज लवकर निघल्या पन? च्या तरी घ्या," आणि आपण म्हणालो, मीटिंग आहे. मीटिंग! जीपमध्ये बसल्यापासून डोळ्यांसमोर खेळातला तो पूल होता.

"सर, एक सांगू?" पराग कॅबिनेटचं झाकण लावता लावता हसला. "काल माझा सप्लाय लावून गेम चालू करून बघितला. नीलेश कुठवर पोचलाय! तो पूल मला अजून ओलांडता आलेला नाही. बसलेला हात आहे त्याचा, खरंच."

तिच्या कानशिलांत एकदम ऊब चढली. पळायचं नाही, ती मनात म्हणाली, इतक्या स्पष्ट की आपण बोललो की काय असं वाटून तिने ओठ मिटले — पळायचं नाही पराग, तुम्ही मुलं पळता म्हणून मरता, कठड्याला लागून बसायचं, त्यांना येऊ द्यायचं... आयुष्यात कुणी तिच्या हाताचं असं कौतुक केलं नव्हतं. तांदळाच्या भाकरीचं केलं होतं. अक्षराचं एकदा. ती पदराशी चाळा करत उभी राहिली, आणि तेवढ्यात रोहिदासचा आवाज आला.

"ऐकलंस? बसलेला हात. दोन विषय राहिले ते उगीच नाही. दिवाळीला आला तो अभ्यासाला नव्हेच, हे करायला आला होता."

आणि ती ऊब तशीच, त्याच जागी, दुसरंच काहीतरी झाली.

परवाचा फोन. वास येत होता, खिडक्या उघड्या होत्या, आणि रोहिदास मोबाइल घेऊन अंगणात, जिथे रेंज मिळते तिथे उभा राहून ओरडत होता. "रात्रंदिवस चालवून खिळखिळा केलास आणि गेलास निघून!" नीलेश काहीतरी म्हणत होता. "खोटं बोलू नकोस!" मग फोन तिच्या हातात आला.

"आई, तू तरी सांग पप्पांना. मी गेलो तेव्हा चालू होता ना?"

तांदूळ निवडायला घेतलेलं सूप तिच्या मांडीवर होतं. दोन महिने झाले होते त्याला जाऊन. दोन महिने रोज संध्याकाळी... 

"असेल रे बाळा," ती म्हणाली. "मला काय त्यातलं कळतंय?"

"बरं," तो पलीकडून म्हणाला. रागावला नाही.

"ते कार्डच काढून टाक," रोहिदास परागला सांगत होता. "साधा सप्लाय लाव आणि कार्ड काढ. म्हणजे मे महिन्यात आला तरी कटकट नको."

परागचा स्क्रू-ड्रायव्हर थांबला. "सर, कार्ड त्याचं आहे. अख्खी सुट्टी इथे माझ्याकडे राबून घेतलंय त्याने. त्याला न विचारता मी कसं काढू?" मग त्याने तिच्याकडे पाहिलं. "काकू, तुम्ही सांगा. साधा की मोठा?"

आता. आता सांगता आलं असतं. दुकानात दुसरं कुणी नव्हतं, रस्त्यावरून खोडाळ्याची एसटी चालली होती, आणि तीन शब्द पुरेसे होते — मी खेळत होते. वाक्य तोंडात तयार होतं. तिला ते दातांमागे जाणवत होतं. रोहिदास कदाचित हसला असता. हसलाच असता, आणि रात्री जेवताना पुन्हा हसला असता, आणि शिक्षकांच्या खोलीत... पण ते सोसता आलं असतं. खरंच सोसता आलं असतं.

"मोठा दे," ती म्हणाली.

"कशाला?" रोहिदास वळला.

"सुट्टीत येईल तो. दमून येतो. थोडं खेळला तर काय झालं?" आवाज कुठून येत होता तिला कळत नव्हतं, मऊ होता, थोडा भरूनही आलेला. "त्याच्या कष्टाचं कार्ड आहे. राहू द्या."

पराग हसला. "आईचा जीव, सर. काय करणार?"

आणि रोहिदासचा चेहरा बघता बघता सैल झाला. त्याने मान हलवली, बाहीवरचा खडू झटकला. "हिचं हे असंच. पोराने घर पेटवलं तरी त्याला धग लागली का ते आधी बघेल." तो प्रेमाने म्हणाला. लग्नानंतर पहिल्या वर्षात बोलायचा तसा.

घरी जाताना मोटरसायकलवर कॅबिनेट तिच्या मांडीवर होतं, दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं, आणि उतारावर तोल जाऊ नये म्हणून ती रोहिदासच्या पाठीला टेकून बसली. आपल्याला हवं ते मिळालं. मुलाच्या नावावर मिळालं, आणि वर आई म्हणून शाबासकी. साधा घेतला असता तर निदान... नाही, तसंही नाही. साधा घेतला असता तर त्याचं कार्ड गेलं असतं. मग मी त्याच्यासाठीच घेतला का? थोडा त्याच्यासाठी? किती थोडा? हॉस्पिटलच्या चढावर गाडी कुंथली आणि तिने डोळे मिटून घेतले.

घरी आल्या आल्या रोहिदासने अंगणातून फोन लावला, या वेळी ओरडण्यासाठी नाही. "तुझ्या आईने भांडून मोठा घ्यायला लावला. तिच्याकडे बघून तरी राहिलेले विषय सोडव." आणि तिला फोन दिला, स्वतः शेजारीच उभा राहून.

"आई," नीलेश म्हणाला. मागे होस्टेलचा गलका होता. "थँक्यू. आणि पप्पांना सांग, माझ्याकडूनच झालं असेल ते. दिवाळीत जास्तच चालवला मी."

"नाही रे —" तिच्या तोंडून निघून गेलं. रोहिदास बघत होता.

"असू दे," तो भराभर म्हणाला. "माझ्याकडूनच झालं. तू नको काळजी करू." आणि जरा थांबून, "हात बसला का तुझा माउसवर?"

रेंज गेली, की त्यानेच ठेवला...

हे त्याने सहज विचारलं? की त्याला माहीत होतं, आणि तो मला झाकत होता — एकोणीस वर्षांचा पोरगा, आईवर पांघरूण घालत होता? आधी वाटत होतं त्याला कळू नये. आता वाटत होतं, कळलेलं असू दे. आणि लगेच, कळलेलं असेल तर मे महिन्यात त्याच्यासमोर ताट कसं वाढायचं? चोर सापडला तर सुटतो तरी. पण इथे ज्याचं चोरलं तोच दारात उभा राहून म्हणतो, जा, घेऊन जा...

रोहिदास दूध आणायला गेला. वीज होती. नव्या सप्लायच्या पंख्याचा आवाज जवळजवळ येतच नव्हता. तिला वाटलं होतं खुर्चीत बसवणार नाही, बसलं. पुलापलीकडे एक लांब बोळ होता आणि दोन्ही बाजूंना दारं. शरम होती, पण ती हाताला लागत नव्हती — हात आपले शांत, नेमके, जणू दुसऱ्या कुणाचे. याची तिला भीती वाटली. पहिलं दार. दुसरं.

बाहेर फाटकाची कडी वाजली. रोज या आवाजाला खेळ बंद व्हायचा, तिला कळायच्या आत बोटं ते करून मोकळी व्हायची. आज बोटं हलली नाहीत. रोहिदासच्या चपला ओटीवर आल्या, दुधाची पिशवी कुठेतरी टेकवल्याचा आवाज आला, "अगं, चालतोय का नीट?" त्याने बाहेरूनच विचारलं, आणि ती पडद्याकडे बघत राहिली — उठवत नव्हतं म्हणून, की त्याने आत यावं असं वाटत होतं म्हणून, की फक्त एवढं तिसरं दार उरलं होतं म्हणून, हे तिला ठरवता येईना.