परिणामाला किती गुण?

शरयू सबनीस यांनी साताऱ्यात एकतीस वर्षं मराठी शिकवलं आणि त्यातली सव्वीस वर्षं जिल्हाभरच्या वक्तृत्व स्पर्धांना परीक्षक म्हणून हजेरी लावली. २००६ च्या ऑक्टोबरमध्ये त्या मुलाकडे, मिनेसोटातल्या ईडन प्रेरीला राहायला आल्या होत्या. पहिले पंधरा दिवस खिडकीतून खारी बघण्यात गेले. सोळाव्या दिवशी नात अबोली शाळेतून आली, एक लांबलचक भाषण टेबलावर आपटलं आणि कपाळाला हात लावून बसली, तेव्हा आजींना फार दिवसांनी बरं वाटलं.

भाषण १७७५ सालचं, पॅट्रिक हेन्री नावाच्या वकिलाचं. व्हर्जिनियातल्या पुढाऱ्यांची एका चर्चमध्ये सभा भरली होती. इंग्लंडच्या राजाला आणखी एक अर्ज करून बघावा, की सरळ शस्त्रं हातात घ्यावीत, असा वाद होता. हेन्री शस्त्रांच्या बाजूनं बोलला. अकरावीतल्या अबोलीला आता तीन पानं लिहायची होती, हे भाषण कितपत परिणामकारक आहे, पुराव्यासह.

"सुरुवात कशी करतो तो?" आजींनी विचारलं.

"मिस्टर प्रेसिडेंट. पण तो वाला प्रेसिडेंट नाही. मीटिंगचा."

"म्हणजे अध्यक्ष महाराज!" आजींनी खुर्ची पुढे ओढली. "चल, वाच. एक एक परिच्छेद वाच आणि मला मराठीत सांग."

अबोलीचं मराठी घरापुरतं होतं, पण तिनं नेटानं सांगितलं. आधी तो विरोधकांच्या देशप्रेमाची स्तुती करतो. मग प्रश्नांवर प्रश्न विचारतो. मग आपण किती अर्ज केले आणि राजानं ते कसे लाथाडले याची यादी देतो. शेवटी हात वर करून म्हणतो, मला स्वातंत्र्य द्या, नाहीतर मरण द्या.

आजींनी वाणसामानाच्या पावतीमागे रकाने आखले. मांडणीला तीसपैकी सव्वीस. भाषेला तीसपैकी सत्तावीस. शेवट जरा नाटकी, पण आंतरशालेय फेरीत चालून जातं.

"आजी, अजून एक. मिसेस लिंडक्विस्ट म्हणाल्या की तेव्हा कोणी लिहूनच नव्हतं घेतलं. चाळीसेक वर्षांनी एकानं लोकांना विचारून विचारून हे लिहिलं."

आजींनी चष्मा काढला. "चाळीस वर्षांनी? मग हे सत्तावीस गुण कुणाला दिले मी?" त्यांनी भाषेचा रकाना खोडला. "बरं, परिणामाचं काय विचारलंय?"

"तेच तर मेन आहे. तुमच्याकडे परिणामाला किती मार्क्स असायचे?"

आजींनी पावतीवरच्या रकान्यांवरून बोट फिरवलं. मांडणी, भाषा, आवाज, हावभाव, वेळ. सव्वीस वर्षांत परिणामाला एकही गुण ठेवलेला नव्हता. एकदा हुंड्याविरुद्ध बोलून एका मुलानं फिरती ढाल नेली होती, निकाल आजींनीच दिला होता. पाच वर्षांनी त्याच्या लग्नाला गेल्या, तर मांडवाच्या दाराशी हार घातलेली नवी कोरी स्कूटर उभी होती.

"काही नसायचे," त्या म्हणाल्या. "पण कागद वाचून परिणाम कळायचा नाही बाई. कुणावर तरी करून बघायला हवं."

दोघींची नजर एकाच वेळी बैठकीच्या खोलीकडे गेली. तिथे गुरुनाथ, म्हणजे अबोलीचा बाबा, लॅपटॉपवर डिसेंबरच्या भारतवारीची एक्सेल शीट रंगवत बसला होता.

ती शीट सबनीसांच्या घरात दर दोन वर्षांनी उगवायची. गुरुनाथ ऑफिसात प्रोजेक्ट मॅनेजर होता आणि घरीही तोच होता. एकोणीस दिवस, सत्तावीस घरं. पिवळा रंग म्हणजे जेवण, हिरवा म्हणजे चहा, राखाडी म्हणजे नुसतं पाया पडून निघायचं. मधले आठ दिवस सातारा; या वेळी आजीही सोबतच परतणार होत्या. पद्मजाचं, म्हणजे अबोलीच्या आईचं माहेर नागपूरला. त्याला दोन दिवस होते, आणि त्यातला एक प्रवासात जायचा. अबोलीचं म्हणणं साधं होतं. तिला एकदा तरी एका घरात तिसरा दिवस उजाडलेला बघायचा होता.

"मराठीत बोल," आजींनी सल्ला दिला. "तुझं मराठी ऐकलं की तो लोण्यासारखा होतो. आणि क्रम त्या हेन्रीचाच ठेव."

चार दिवस तालीम चालली. अबोलीनं भाषण रोमन अक्षरांत लिहून काढलं. आजींनी तिच्या जिभेवर 'ळ' बसवून घेतला, हात कुठे उचलायचा आणि कुठे खिशाबाहेर तरी ठेवायचा ते शिकवलं. पद्मजाला कुणी काही सांगितलं नाही. ती या खेळात नव्हतीच.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर अबोली टीव्हीसमोर उभी राहिली. गुरुनाथ सोफ्यावर होता. आजी कडेच्या खुर्चीत पावती आणि पेन घेऊन. पद्मजा पलीकडे गालिच्यावर बसून ड्रायरमधून काढलेल्या गरम कपड्यांच्या घड्या घालत होती.

"अध्यक्ष महाराज," अबोलीनं सुरुवात केली, "बाबांच्या मेहनतीबद्दल माझ्या मनात पूर्ण आदर आहे. सत्तावीस घरं एकोणीस दिवसांत बसवणं सोपं काम नाही."

"अरे वा!" गुरुनाथ उठून बसला.

"पण मी विचारते, आपण माणसांना भेटायला जातो की त्यांच्या नावापुढे टिक करायला? मागच्या वेळी कराडच्या काकूंनी पोहे केले होते. ते गरम होते. आपण ते खाल्ले का? नाही! कारण टॅक्सी चालू होती!"

गुरुनाथ धावत आत गेला आणि कॅमकॉर्डर घेऊन आला. "थांब, थांब. पोह्यांपासून परत घे."

अबोलीनं पोह्यांपासून परत घेतलं.

"आम्ही विनंती केली. आम्ही ईमेल केली. आम्ही शीटमध्ये कमेंट टाकली. कमेंट डिलीट झाली! आता आणखी कुठला अर्ज उरला? किती वर्षं आपण दारात चपला काढायच्या आणि लगेच घालायच्या?" इथे आजींनी ठरवून दिल्याप्रमाणे तिचा हात वर गेला. "बाकीच्यांचं मला माहीत नाही. पण मला तिसरा दिवस द्या, नाहीतर इथेच ठेवून जा!"

गुरुनाथनं कॅमेरा एका हातात धरून दुसऱ्या हातानं मांडीवर टाळ्या वाजवल्या. "काय बोलली! आई, 'वेळी' मधला ळ ऐकलास? हे मराठी मंडळाच्या स्नेहसंमेलनात झालंच पाहिजे. मी आत्ताच सेक्रेटरीला फोन करतो."

"बाबा, पण शीट?"

"शीट काय? शीट फायनल आहे ना राजा. सगळ्यांना कळवलंय."

अबोलीनं आजींकडे बघितलं. आजींनी पावतीवर परिणामाचा नवा रकाना आखला आणि त्यात शांतपणे शून्य लिहिलं.

तेवढ्यात गालिच्यावरून आवाज आला. "गुरू, ती शीट उघड."

पद्मजाच्या मांडीवर अर्धी घडी घातलेला टॉवेल तसाच होता.

"नागपूर कुठंय?"

"बाविसाव्या ओळीत. का गं?"

"ते अकरा दिवस कर."

गुरुनाथ हसला. मग त्याच्या लक्षात आलं की ती हसत नाहीये. "अगं, अकरा कसे जमतील?"

"काऊन? काऊन नाही जमणार?" रागावली की पद्मजाची नागपुरी वर यायची. एरवी तिची भाषा अठरा वर्षांत पार सातारी झाली होती. "आठ वर्षांत माहेरी मी किती रात्री झोपली, मोज बरं. रंगवता येते ना तुला, मग मोजताही येत असेल."

गुरुनाथनं मोजलं. सहा भरल्या.

"पण तिकिटं झालीत, सगळ्यांना सांगून झालंय..."

"तिकिटं मुंबईपर्यंतची आहेत. मुंबईहून मी नागपूरला जाईन, अबोली माझ्यासोबत येईल. तू तुझी घरं कर."

गुरुनाथनं शेवटचा आधार शोधला. "आई, तू तरी सांग हिला. साताऱ्याचे दिवस कमी होतील."

शरयूबाईंनी पेनाचं टोपण लावलं. त्या आठ दिवसांसाठी त्यांनी मनात काय काय ठरवून ठेवलं होतं. शेजारणींना सून-नात दाखवायची होती, घाटाईच्या देवळात जायचं होतं. आणि हे सगळं उधळणारं भाषण त्यांनी स्वतः बसवलं होतं, हातवाऱ्यांसकट.

"मला यात विचारू नका," एवढंच म्हणून त्या आपल्या खोलीत गेल्या. दार जरा जोरातच लागलं.

संध्याकाळी अबोली चहा घेऊन गेली, तेव्हा आजी पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या.

"तुला बाबाला पटवायचं होतं," त्या न वळताच म्हणाल्या. "आईला फितवलंस."

"आजी, मी आईकडे बघितलंसुद्धा नाही! आय स्वेअर."

"मग असं कसं झालं?"

अबोली पलंगाच्या कडेला टेकली. तिनं चहाचा कप पुढे केला आणि म्हणाली, "आजी, त्या चर्चमध्ये किंग नव्हताच."

"काय?"

"इंग्लंडचा किंग. तो तिकडे लंडनला. हेन्री त्याला पटवत नव्हता. तो आपल्याच लोकांना सांगत होता, जे हो-नाही करत बसले होते. आणि त्यातलेही सगळे नाही पटले. व्होट थोडक्यातच पास झालं, म्हणतात."

आजी हळूहळू वळल्या. चहा हातात घेतला. परीक्षकाच्या डोळ्यांतली ती जुनी चमक त्यांना लपवता आली नाही.

"म्हणजे आपली मांडणीच चुकली," त्या म्हणाल्या. "आपण राजालाच पहिल्या रांगेत बसवलं."

"आणि आई मागे बसली होती. हो-नाही करत."

"अठरा वर्षं," आजी पुटपुटल्या, आणि त्यांना आपलं स्वतःचं माहेर आठवलं. कोरेगाव. साताऱ्याहून तासाभराचंही नाही. तिथे त्या वर्षाला दोनदा जायच्या आणि संध्याकाळच्या एसटीनं परत यायच्या, कारण सासऱ्यांना रात्रीची भाकरी गरम लागायची. त्यांनी ते अबोलीला सांगितलं नाही. चहा संपवला, पावती मागितली आणि शून्याच्या आधी नऊ लिहिला. "शंभरपैकी," त्या म्हणाल्या. "दहा कापले. उमेदवाराला स्वतःलाच कळलं नाही की परिणाम कुणावर होतोय."

दुसऱ्या दिवशी भांडी लावताना पद्मजा लेकीला म्हणाली, "तुझं ते वाक्य मला लागलं बघ. माहेर म्हणजे काही बसस्टॉप नाही, ते."

"मी असं म्हटलंच नाही, आई."

"म्हटलंस की! पोह्यांच्या नंतर."

त्यांनी कॅमेऱ्यातली टेप लावून बघितली. पोहे दोनदा होते. बसस्टॉप कुठेच नव्हता. पद्मजानं टेप पुन्हा मागे नेली, पुन्हा ऐकली, आणि शेवटी म्हणाली, "मग टेप खराब आहे."

अबोलीला हा सगळा पुरावा निबंधात घालायचा होता. भाषण विरोधकाला बदलत नाही, अर्धं मन तयार असलेल्याला उठून उभं करतं, आणि उभं राहिलेला माणूस त्या भाषणात आपली वाक्यं घालून घेतो. पण पद्मजानं बजावलं, घरातलं काही शाळेत लिहायचं नाही. अबोलीनं नुसता निष्कर्ष लिहिला. मिसेस लिंडक्विस्टनी बी प्लस दिला आणि समासात लाल शाईनं विचारलं, फारच छान मुद्दा, पण हे तुला कशावरून वाटलं?

घासाघीस होऊन अकराचे नऊ झाले. डिसेंबरात मायलेकी नागपूरला गेल्या. पद्मजा रोज नऊला उठायची आणि भावजयीशी दुपारभर गप्पा मारत पाय पसरून बसायची. पाचव्या दिवशी भावाशी टीव्हीच्या आवाजावरून कडाक्याचं भांडण झालं. सहाव्या दिवशी मिटलं. एवढा वेळ हाताशी असल्यामुळेच भांडता आलं, असं ती नंतर सांगायची. अबोलीला चौथ्या दिवसापासून कंटाळा आला, पण ते कबूल करण्याची सोय राहिली नव्हती.

इकडे गुरुनाथ आईला घेऊन एकेक घर करत होता. प्रत्येक घरात पहिला प्रश्न तोच, सूनबाई कुठे आहेत? पहिल्या तीन-चार घरांत तो चाचरला. पाचव्यात म्हणाला, तब्येत बरी नव्हती. शरयूबाईंनी तिथल्या तिथे खोडून काढलं, "तब्येत ठणठणीत आहे. माहेरी गेलीय." मग त्याला कारण द्यावं लागलं, आणि कारण देता देता ते घोटीव होत गेलं. दहाव्या घरात तो सहा रात्रींचा आकडा सांगू लागला. पंधराव्या घरात त्यानं स्वतःहून विषय काढला. "आपण बायकांना गृहीत धरतो," तो चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "एकोणीस दिवसांत दोन दिवस! हा काय न्याय झाला?" शीट कुणी केली होती, ते त्याच्या डोक्यातून पार गेलं होतं. आई शेजारी बसून आवाजाचे आणि हावभावाचे गुण मनातल्या मनात देत होती. पाचव्या घरानंतर तिनं त्याला एकदाही टोकलं नाही.

कराडला चुलतभाऊ कृष्णाकडे तर तो चांगला वीस मिनिटं बोलला. कृष्णा मान डोलावत होता, मधून मधून "बरोबर आहे" म्हणत होता. त्याची बायको रेखा दारातून पाण्याचा तांब्या घेऊन आली होती, ती तशीच उभी राहून ऐकत होती.

निघताना शरयूबाईंनी रेखाकडे बघितलं, तांब्याकडे बघितलं, आणि मुलाला म्हणाल्या, "चल लवकर."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला साताऱ्यातला फोन वाजला. कृष्णा होता. आवाज चढलेला. "गुरुनाथ, तू काल नेमकं काय बोलून गेलास रे? रेखा पहिल्या गाडीनं माहेरी, इस्लामपूरला गेली. कधी येणार विचारलं तर म्हणाली, बघू!"

"मी तर तुझ्याशी बोलत होतो," गुरुनाथ गोंधळून म्हणाला.

शरयूबाईंनी त्याच्या हातातला फोन काढून घेतला. "कृष्णा," त्या म्हणाल्या, "कणीक डाव्या हाताच्या डब्यात असेल. पाणी बेतानं घाल."