दोनशे चौदा आणि दोनशे पंधरा

"काका, तुम्ही कधी विमानाशी खेळला आहात का?"

हा प्रश्न एका रविवारी दुपारी आमच्या दिवाणखान्यात विचारला गेला. विचारणारी आमची टकळी. हे तिचं खरं नाव नाही, पण तिची बडबड एकदा सुरू झाली की थांबत नाही म्हणून सगळे तिला टकळीच म्हणतात. सोफ्यावर तिच्या दोन मैत्रिणी तोंडावर उशी दाबून बसल्या होत्या, कारण पैज त्यांनीच लावली होती. "हातात पांढरे मोजे घालून, श्वास रोखून विमान बघणाऱ्या माणसाला हे विचारून दाखव. विचारलंस तर आठवडाभर वर्गातली खिडकीजवळची जागा तुझी." टकळी खिडकीसाठी काहीही करेल.

ज्यांना विचारलं ते होते भिंगकाका. गळ्यात दोरीला भिंग अडकवून फिरतात म्हणून हे नाव. आणि त्या क्षणी त्यांच्या मोजे घातलेल्या हातात, पोट वर करून पडलेला मी होतो.

मित्रांनो, मी एक जुनं, धातूचं, दीड वीत लांबीचं प्रवासी विमान आहे. खऱ्या विमानाची हुबेहूब छोटी प्रतिकृती. मी आयुष्यात एकदाही उडालेलो नाही. पण जळलो मात्र भरपूर आहे. आग लागून नव्हे, मनातल्या मनात.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. वितळलेला धातू पोलादी साच्यात जोरात दाबला गेला आणि माझी दोन अर्धी अंगं तयार झाली. ती जोडली, जोडाची रेघ घासून गुळगुळीत केली, वर पांढरा रंग आणि कमरेला निळा पट्टा दिला. माझ्या खिडक्या म्हणजे रबरी शिक्क्याने उमटवलेले ठिपके. सगळ्यात शेवटी एका बाईंनी चिमट्यात धरून माझ्या पाठीवर केसासारखी बारीक अँटेना बसवली. पोटावर क्रमांक आला दोनशे चौदा.

माझ्या पाठोपाठ त्याच ताटात दोनशे पंधरा येऊन बसला. तोच साचा, तोच रंग, त्याच बाई. माझा जुळा भाऊच म्हणा ना. पण त्याची अँटेना बसवून झाल्यावर बाई म्हणाल्या, "हं, ही छान बसली." माझ्या वेळी त्या काहीच बोलल्या नव्हत्या. माझ्या पोटात पहिल्यांदा दुखलं ते तेव्हा. मग आम्हाला वेगवेगळ्या खोक्यांत घातलं आणि मी त्याला विसरून गेलो. निदान मला तसं वाटत होतं.

मला टकळीच्या बाबांनी आणलं. त्यांच्याकडे काचेचं एक कपाट आहे, त्यात बत्तीस खण. एका जातीचं एकच विमान, हा त्यांचा नियम. तेहतिसावा खण घरात येणार नाही, हा टकळीच्या आईचा नियम. माझ्या शेजारच्या खणात चार इंजिनांचा एक धिप्पाड गडी होता. पाहुणे आले की आधी त्याच्याकडे बघायचे. मी त्याला पाण्यात पाहायचो.

टकळी तीन वर्षांची असताना तिला सडकून ताप आला. औषध कडू होतं आणि ती ओठ घट्ट मिटून बसली होती. आईने गोड बोलून पाहिलं, रागावून पाहिलं. शेवटी बाबा उठले, कपाटाची काच सरकवली आणि मला तिच्या गरम हातात दिलं. "हे घे, तुला. पण औषध पी." तिने एका घोटात औषध संपवलं. मला परत खणात ठेवायचं धाडस मग कोणी केलं नाही.

काय ते दिवस होते. फरशीवरची रेघ ही माझी धावपट्टी, इस्त्रीचं टेबल हा विमानतळ आणि शर्टाची बटणं हे माझे प्रवासी. एकदा मी तिच्या डब्याच्या पिशवीतून शाळेतही जाऊन आलो. माझ्या पोटाचा रंग गेला, डाव्या पंखाच्या टोकाला टवका उडाला, नऊ खिडक्या पुसल्या गेल्या. वाईट वाटलं का? अजिबात नाही. त्या चार इंजिनवाल्याला कोणी कधी घरंगळवलं होतं का?

एक गोष्ट मात्र घडली, आणि ती फक्त तिघांना ठाऊक होती. टकळी सात वर्षांची होती. बाबांच्या खुर्चीच्या हातावर मला उतरवताना माझी पाठ आपटली आणि अँटेना तुटून कुठेतरी उडाली. टकळीने हंबरडा फोडला. आईने दार लावून घेतलं, टूथब्रशचा एक केस कापला, डिंकाचा ठिपका दिला आणि पांढऱ्या रंगाची काडी फिरवली. झाली नवी अँटेना. बाबांना पत्ता लागला नाही. उलट तेव्हापासून प्रत्येक पाहुण्याला ते सांगू लागले, "पोरीने एवढी वर्षं खेळवलंय, पण अँटेना बघा, जशीच्या तशी." ते हे म्हणाले की आई उठून स्वयंपाकघरात जायची आणि टकळीला अचानक अभ्यास आठवायचा.

मग टकळी मोठी झाली. आधी सायकल आली, मग फोन आला, मग या दोन मैत्रिणी आल्या. तिघांवरही मी आळीपाळीने जळलो. मी पुन्हा माझ्या खणात गेलो. तिने काच पुसताना कधी माझ्याकडे बघितलं तरी तेवढ्यावर मी आठवडा काढायचो.

आणि मागच्या महिन्यात बाबा एक खोका घेऊन आले. कितीतरी जणांना पत्रं लिहून, फोन करून त्यांनी तो शोधला होता. झाकण उघडलं. आत कागदात, मऊ गादीवर, दोनशे पंधरा झोपला होता.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एक टवका नाही. एक खिडकी कमी नाही. निळा पट्टा असा चमकत होता की जणू बाईंनी आत्ताच ब्रश खाली ठेवलाय. मी राबलो, आपटलो, ताप उतरवला. हा पठ्ठ्या नुसता झोपून राहिला, आणि बाबा त्याच्याकडे असं बघत होते, जसं त्यांनी माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं. "अस्सल," ते हळूच म्हणाले. "कोणाचा हात न लागलेलं."

एका जातीचं एकच. म्हणजे मला जावं लागणार होतं. बाबांनी टकळीला विचारलंही. ती फोनमध्ये डोकं घालून म्हणाली, "न्या ना. मी काय आता लहान आहे?"

म्हणून त्या रविवारी भिंगकाका आम्हा दोघांना तपासायला आले होते. शंभर गुणांचा त्यांचा तक्ता ठरलेला आहे: जोड, रंग, छपाई, चाकं, अँटेनासारखे बारीक भाग आणि खोका. सत्तरच्या वर गुण मिळालेल्या विमानाला ते दुसऱ्या एखाद्या संग्राहकाचं कपाट मिळवून देतात. सत्तरच्या खाली ते त्यांच्या पत्र्याच्या पेटीत जातं. पेटी टेबलावरच उघडी होती. आत नुसती चाकं, सुटी इंजिनं आणि एकेकटे पंख होते.

अशा वेळी टकळीने तो प्रश्न विचारला.

भिंगकाका रागावतील असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी भिंग खाली केलं. "नाही," ते म्हणाले. "माझ्या थोरल्या भावाकडे होतं एक. मला फक्त बघायची परवानगी होती, तीही लांबून. साठी उलटली माझी, पण अजून जळतो मी त्याच्यावर."

सोफ्यावरची उशी खाली आली. कोणी हसलं नाही. मला तर त्यांना मिठी मारावीशी वाटली.

"मग आत्ता चालवा की," टकळी म्हणाली. "टेबल मोठं आहे."

"टकळी, नवीनला हात लावायचा नाही," बाबा घाईने म्हणाले.

"चाकांना पंधरा गुण आहेत," भिंगकाका म्हणाले. "चालवल्याशिवाय द्यायचे कसे?" आणि त्यांनी हातमोजे काढले.

दोनशे पंधराला त्यांनी हलकेच ढकललं. तो टक, टक, टक करत वीतभर गेला आणि थांबला. इतकी वर्षं एकाच जागी उभा राहून त्याचे रबरी टायर खालून चपटे झाले होते. मग त्यांनी मला ढकललं. मित्रांनो, मी जो सुटलो तो पाण्याच्या तांब्याला वळसा घालून थेट टेबलाच्या कडेवरून खाली. चष्मेवाल्या मैत्रिणीने मला वरच्यावर झेललं. "अगं, हे कसलं पळतंय," ती म्हणाली.

भिंगकाका लहान मुलासारखे हसले आणि माझ्या रकान्यात लिहिलं, चौदा. भावाच्या रकान्यात चार. तरी एकूण गुण त्याचेच जास्त होते, पण मला त्याचं काय. माझी बेरीज सत्तरकडे निघाली होती.

"राहिले बारीक भाग. अँटेना मूळची?"

"जशीच्या तशी," बाबा छाती फुगवून म्हणाले. आई कप गोळा करू लागली. कप अजून भरलेले होते.

"पंधरापैकी पंधरा. एकूण त्र्याहत्तर."

त्र्याहत्तर. म्हणजे नवं कपाट, नवी काच, नवे पाहुणे. मी टकळीकडे बघितलं आणि मनात म्हटलं, आयुष्यभर बडबडलीस, आज एकदाच गप्प बस.

"काका, थांबा. ती मूळची नाही. टूथब्रशचा केस आहे तो."

बाबांनी मान वळवली. "कधी?"

"सात वर्षांची होते. तुमच्या खुर्चीवर आपटलं. तुम्ही सगळ्यांना कौतुकाने सांगायचात ना, तेव्हा मी अभ्यासाचं नाव काढून पळायचे."

"आणि चिकटवली कोणी?"

"मी," आई म्हणाली. "ब्रश तुमचाच होता. नवा."

"तरीच तो टोचायचा," बाबा म्हणाले. मग ते पुढे झाले आणि माझ्या पाठीवरच्या त्या केसावर त्यांनी बोट ठेवलं. एवढ्या वर्षांत त्यांनी मला असं कधी हात लावून बघितलं नव्हतं. बराच वेळ बोट तिथेच होतं.

भिंगकाकांनी भिंग लावलं. "बसवलाय मात्र सरळ. हात चांगला आहे, वहिनी." त्यांनी पंधरा खोडले आणि तीन लिहिले. "एकसष्ट." पेटी माझ्याकडे सरकली.

मित्रांनो, पेटीतल्या त्या एकेकट्या पंखांकडे बघताना मला पहिल्यांदा कोणाचाच हेवा वाटला नाही. दोनशे पंधराचाही नाही. त्याला पळताच येत नव्हतं आणि त्यात त्याचा काय दोष? त्याला कोणी ताप आलेल्या हातात दिलंच नव्हतं. तुमच्याही घरात एखादी वस्तू काचेमागे उभी असेल. तिला जपा, टवके उडवू नका, पण अधूनमधून बाहेर काढून चालवत जा. नुसतं उभं राहूनही चाकं बिघडतात. आणि काही तुटलंच तर लगेच सांगून टाका.

टकळी उठली. तिने पेटीचं झाकण लावलं, मला उचललं आणि आईबाबांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"आई, बाबा, मी ठरवलंय. हे पेटीत जाणार नाही आणि कपाटातही नाही. माझ्या अभ्यासाच्या टेबलावर राहणार, म्हणजे तेहतिसावा खणही नको. आणि दर रविवारी बाबांनी दोनशे पंधराला बाहेर काढायचं, मी याला काढणार, आणि इथे टेबलावर शर्यत लावायची. काकांनीही यायचं, हातमोज्यांशिवाय. पहिले काही रविवार तुम्ही हरणार आहात, बाबा, ते आत्ताच सांगून ठेवते."