रूथ गटापासून सुरू होणारी यादी

माझ्या बहिणीने, आर्डिसने, तीन वर्षांत एकाही चेकवर सही केलेली नाही. तिचा उजवा हात इतका थरथरतो, की सूपसुद्धा भरवावं लागतं. त्या आर्डिसने म्हणे ‘समंजस शेजारी’ नावाच्या निवडणूक समितीला दीडशे डॉलर दिले. कशासाठी, तर तिला तिच्याच खोलीतून बाहेर काढण्यासाठी.

गेल्या हिवाळ्यात आमच्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, मंडळावर तीन नवे सदस्य निवडून आले. त्याआधी दोन महिने रोज टपालपेटीत त्यांच्या कौतुकाची गुळगुळीत कार्डं पडत होती, आणि खाली बारीक अक्षरांत छापलेलं असे, ‘समंजस शेजारी समितीच्या खर्चाने’. निवडून आल्यावर त्यांनी पहिला विषय काढला तो आर्डिस राहते तो काउंटीचा वृद्धाश्रम विकण्याचा. घेणारी कंपनी परराज्यातली. ती इथली इमारत बंद करून सगळ्यांना शंभर मैलांवर हलवणार होती. मी एक्याऐंशी वर्षांची. बर्फात शंभर मैल गाडी चालवून बहिणीला भेटायला जाणं आता माझ्याने होणार नाही. विक्रीवर मंडळाचं मतदान फेब्रुवारीत होतं.

१९५८ साली तो आश्रम बांधला तेव्हा माझ्या वडिलांनी स्वतःच्या ट्रकमधून खडी वाहिली होती. पडदे चर्चमधल्या बायकांनी शिवले. कोणी काय दिलं ते सगळ्यांना ठाऊक असे, कारण देणारा समोर उभा असे.

म्हणून त्या कार्डांचे पैसे कोणी दिले ते बघायला मी कोर्टहाऊसमधल्या काउंटीच्या कचेरीत गेले. तिथल्या काउंटरच्या पलीकडे मी एकतीस वर्षं टाइप करत बसले होते. आता तिथे ग्वेन बसते.

“मिसेस टोरगर्सन, परत कामाला लागताय की काय? तुमची खुर्ची अजून तशीच मोडकी आहे.”

“समंजस शेजाऱ्यांचा देणग्यांचा अहवाल दे.”

“तो मागणाऱ्या तुम्ही पहिल्याच.”

“कोणालाही बघता येतो ना?”

“येतो. पण बघायला येत कोणी नाही.”

शंभर डॉलरच्या वर देणाऱ्याचं नाव, पत्ता आणि व्यवसाय लिहावाच लागतो. बेचाळीस नावं होती, सगळ्यांचे दीडशे, सगळ्या बायका, सगळ्या ‘निवृत्त’. यादी अकारविल्हे नव्हती. पहिली हेझल ब्रेके, दुसरी ग्लॅडिस ओवेन. माझं बोट तिथेच थांबलं. आमच्या गावात ओवेन कोणी नाही. ग्लॅडिस ओयेन आहे. तिला ओवेन म्हणणारा जगात एकच कागद आहे, आणि तो मी टाइप केला होता.

आमच्या चर्चमध्ये कोणाचा अंत्यविधी झाला की आलेल्यांना जेवू घालायचं काम बायकांच्या गटांकडे पाळीने येतं. आधी रूथ गट, मग मार्था, मग लिडिया. कोणी हॅमचे पाव करायचे, कोणी बटाट्याचं सॅलड, याची ती यादी. २००९ साली मी ती घाईत टाइप केली, ओयेनचं ओवेन झालं आणि ग्लॅडिस वर्षभर माझ्याशी बोलली नाही. अहवालातली नावं त्याच क्रमाने उतरवली होती. मेलेल्या बायका काळजीपूर्वक गाळल्या होत्या. माझंही नाव गाळलं होतं, तेवढी अक्कल होती. मार्था गटात चौथी, आर्डिस.

खाली खजिनदाराची सही, वेंडेल स्ट्रँड. गावातला विमा एजंट. त्याची आई लिडिया गटाची प्रमुख होती.

घरी येऊन ग्लॅडिसला फोन लावला.

“तू समंजस शेजाऱ्यांना दीडशे डॉलर दिलेस?”

“मी? अगं, नवऱ्याच्या कानातल्या यंत्राला मी पैसे देत नाही. तो ऐकत नाही तेच बरंय.”

“अहवालात तुझं नाव आहे. ओवेन म्हणून.”

ती म्हणाली, “परत?”

दुपारपर्यंत मी एकोणीस जणींना विचारलं. एकीनेही छदाम दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी वेंडेलच्या ऑफिसात गेले. चर्चच्या रविवारच्या शाळेत मी लहानपणी याचं नाक पुसलंय.

“बसा, मिसेस टोरगर्सन. बिस्किट घ्या.”

“पैसे कोणाचे, वेंडेल?”

“सगळं अहवालात आहे.”

“अहवालात माझी बहीण आहे.”

त्याने उठून दार लावलं. “हे बघा, पैसे खरे आहेत. देणाऱ्याला पुढे यायचं नव्हतं. नावं तर लागतातच. आईच्या फ्रीजवर यादी होती, सगळी चांगली माणसं. मी काय चोरांची नावं घातली?”

“देणारा म्हणजे आश्रम विकत घेणारी कंपनी?”

तो टेबलावरचं पेन सरळ करत बसला. “दुरुस्ती करून पुन्हा भरतो. टायपिंगची चूक म्हणून.”

“टायपिंगची चूक माझी होती. तू केलीस ती चोरी.”

“तक्रार शपथेवर करावी लागते,” तो हळूच म्हणाला. “बाकीच्यांचा विमा माझ्याकडे आहे. त्या करणार नाहीत. आणि आर्डिसला वार तरी आठवतो का?”

मला इतका संताप आला की हातमोजे तिथेच विसरले.

आर्डिसने चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. मी तिला सगळं वाचून दाखवलं. ती खिडकीबाहेर बघत ऐकत होती.

“बेचाळीस गुणिले दीडशे,” ती म्हणाली. “सहा हजार तीनशे. एवढ्यात विकली मला?”

आर्डिसची तक्रार घ्यायला ग्वेन जेवणाच्या सुट्टीत शिक्का घेऊन आश्रमात आली. शपथेवरच्या सह्या तीच साक्षांकित करते. तिने आर्डिसला तारीख, वार, काउंटीचं नाव विचारलं. आर्डिसने सगळं सांगितलं, वर ग्वेनला आठवीत अपूर्णांकांत किती गुण मिळाले होते तेही.

“ते तक्रारीत लिहायचं नसतं,” ग्वेन म्हणाली.

मी आर्डिसचा हात धरायला गेले.

“सोड, मायर्टल. नाहीतर वेंडेल म्हणेल सही तूच केलीस.”

सहीला वीस मिनिटं लागली. अक्षरं रेघेच्या वर गेली, खाली गेली, एक तर कागदाबाहेर ब्लँकेटवर गेलं. पण नाव वाचता येत होतं. त्या सहीची प्रत मी घरोघर नेऊन दाखवली. विम्याची भीती असलेल्या बायकांनीही ती बघून पेन मागितलं. सव्वीस तक्रारी झाल्या.

मंडळाने विक्रीचा विषय चौकशी संपेपर्यंत बाजूला ठेवला. चौकशी कधी संपेल ते कोणी सांगत नाही. तोवर आर्डिस तिच्या खोलीत आहे.

त्यानंतरच्या रविवारी प्रार्थना झाल्यावर वेंडेल कॉफीच्या रांगेत उभा राहिला, काही झालंच नाही अशा चेहऱ्याने. किटली माझ्या हातात होती. या चर्चमध्ये साठ वर्षांत मी कोणाचाही कप रिकामा ठेवलेला नाही. माझ्या नवऱ्याला बुडवणाऱ्या दलालालासुद्धा ओतून दिली होती. वेंडेलने कप पुढे केला. मी किटली टेबलावर ठेवली, आणि त्याच्या मागच्या माणसाला विचारलं, “तुम्हाला दूध हवं ना?”