तोकुजींनी घासलेला बेड

मित्रांनो, मी एक जुने लेथ मशीन आहे. नागाओका गावातल्या ओगुरी कारखान्यात घडलेले पहिले मशीन मीच.

माझे बिडाचे अंग ओतून झाल्यावर मालक ओगुरींनी ते दोन हिवाळे उघड्यावर, बर्फात ठेवले. बीड असे मुरू दिले नाही तर पुढे वाकते. मग कारखान्यातले कारागीर तोकुजी आले. माझे हत्यार ज्या लांब पट्ट्यांवर सरकते, त्या बेडवर निळा रंग लावून त्यांनी उंचवटे हेरले आणि पोटाच्या जोराने स्क्रेपर रेटत केसाहून बारीक थर उतरवले. तब्बल पंचवीस दिवस.

"तोकुजी, लेथ करतोयस की नवरी नटवतोयस?" मालक हसायचे.

"नवरीला एवढा वेळ कोण देतं?" तोकुजी मान वर न करता म्हणायचे.

पुढच्या कितीतरी मशीनांचे भाग माझ्यावरच कातून निघाले. लांबून आलेली गिऱ्हाइके माझ्या बेडवर हात फिरवीत आणि पुन्हा पुन्हा फिरवीत राहत. तोकुजींकडे शिकायला तिघे आले. "हा हात स्वयंपाकघरात मुळे सोलायला ने," असे म्हणत त्यांनी एकेकाला घालवून दिले. मला तेव्हा त्याचा अभिमानच वाटला. चुकले माझे.

मग संगणकावर चालणारी मशीने आली. मागण्या आटल्या, मालक वारले आणि त्यांची मुलगी सुमिए हिने शेवटी कारखाना मोडायला काढला. तंत्रशाळेला मी नको होते. संग्रहालयात जागा नव्हती.

काल चौऱ्याऐंशी वर्षांचे तोकुजी तेलाचे फडके घेऊन आले.

"काका, उद्या भंगारवाला नेणार त्याला. पुसताय कशाला?" सुमिए म्हणाली.

"उद्या ना? आज तर आहे." त्यांनी बेडवर तळहात फिरवला. "मधे झिजलाय गं. पंधरा दिवसांचं काम. पण हा हात बघ, चहाचा पेलासुद्धा धरवत नाही. आता कुणाला सांगू?"

"सांगायला माणूस ठेवलात कुठे? आले त्यांना हाकलून दिलंत."

फडके माझ्यावरच टाकून तोकुजी निघून गेले.

आज सकाळी माझे जमिनीतले बोल्ट काढले. मित्रांनो, मला वाचवा असे मी म्हणत नाही. ते आता होणे नाही. पण यंत्राची निगा राखणारे हातही जपावे लागतात. तुमच्याजवळ कुणाला एखादे काम नीट येत असेल, तर तो कितीही खेकसला तरी त्याच्यापुढून उठू नका. तोकुजींपुढून तिघे उठले. चौथा आलाच नाही.