मुक्ताबाईंच्या पट्टीतला पुसलेला ठोका

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात ऊसच नव्हता. कारखान्याचं गाळप लवकर आटोपलं आणि संगणकाच्या खोलीत शांतलिंग एकटाच उरला. यंत्र रिकामं बघून उस्मानाबादच्या डॉक्टर आण्णासाहेबांनी त्याला काम दिलं. मधुमेहाच्या रुग्णांच्या ईसीजीच्या पट्ट्या ते पाठवायचे. दर दोन ठोक्यांमधलं अंतर मोजून शांतलिंग आकडे भरायचा. ती अंतरं किती कमीजास्त होतात, ते त्याचा प्रोग्राम एका आकड्यात सांगायचा. खोल श्वास घेताना धडधाकट काळीज जरा जलद, जरा हळू चालतं, आकडा मोठा येतो. मधुमेहानं नसा मेल्या की ते एकसारखं चालतं, आणि अशा माणसाला पूर्ण भूल देणं जोखमीचं.

बेंबळीच्या मुक्ताबाईंचा आकडा एकशे एक आला. झकास, म्हणून त्यानं काल फोनवर कळवलंही. आज अकराला त्यांच्या सडलेल्या पायाचं ऑपरेशन होतं.

सकाळी चहा पिताना तो आकडा त्याला टोचायला लागला. त्याचा स्वतःचा आकडा साठ होता. पासष्टीच्या बाईचा त्याहून मोठा कसा? महिनाभराच्या उन्हानं अंगात त्राण उरलं नव्हतं, तरी त्यानं पट्टी काढली. सगळी अंतरं सातशे नव्वद मिलिसेकंदांच्या आसपास. एकच पंधराशे ऐंशी. तिथं कागदाला घडी पडून ठोक्याची रेघ पुसली होती. उजेडात धरल्यावर अंधूक दिसली. त्यानं त्या एकाचे दोन आकडे केले. पडद्यावर आलं, आठ.

फोन लागेना. शहराकडं निघालेल्या पाण्याच्या टँकरवर तो चढला आणि साडेदहाला दवाखान्यात पोचला.

"साहेब, माझा आकडा चुकला. एकशे एक न्हाय, आठ."

डॉक्टरांनी पट्टी खिडकीशी धरली. "प्रोग्रामनं हे मुकाट घेतलं?"

"मी त्याला शंका घ्यायला शिकवलंच न्हाय."

पूर्ण भूल रद्द झाली. फक्त पाय बधिर करायचं ठरलं. स्ट्रेचरवरून मुक्ताबाईंनी विचारलं, "माजं काळीज बिगडलंय का रं बाबा?"

"लई नेमानं चालतंय, मावशी."

"मग चांगलंच की!"

त्यानं स्ट्रेचर आत ढकलायला हात लावला.

दोन बोटं गेली, मुक्ताबाई वाचल्या. दुसऱ्या दिवशी शांतलिंगनं प्रोग्राममध्ये ओळ घातली: अंतर एकदम वाढलं, तर थांबून विचार. मग आधीच्या चाळीस पट्ट्या काढल्या आणि डोळे चोळत पहिलीपासून मोजायला बसला.