व्याह्याचा टँकर

लग्न पाहावं करून, घर पाहावं बांधून, म्हणतात. लिंबाजीनं पोरीचं लग्न करून पाहिलं होतं; आता घराची पाळी होती. लातूरचा नवा जिल्हा झाल्यापासून निम्म्या गावाला बांधकामाचं वेड लागलं होतं. आभाळातून थेंब नाही, नळाला पाणी नाही, पण पायाचे खड्डे मात्र गल्लोगल्ली.

लिंबाजी बांधकाम खात्यात कारकून. जन्मभर गुत्तेदारांचे, म्हणजे कंत्राटदारांचे, लखोटे फोडत आलेला माणूस. स्वतःचं कामही त्यानं खात्याच्याच रीतीनं काढलं. दोन गुत्तेदारांना नकाशा दिला, बंद लखोट्यात दर मागवले आणि रविवारी सगळ्यांसमक्ष उघडू म्हणून सांगितलं. म्हणजे भीड नाही, वशिला नाही, असा त्याचा भाबडा हिशेब. लोहा गावच्या व्याह्याला, सटवाजीला, त्यानं मुद्दामच कळवलं नव्हतं. सटवाजीही गुत्तेदारच, पण त्यानं बांधलेल्या समाजमंदिराला पहिल्याच वर्षी अशी भेग गेली, की आत बसून बाहेरचं शेत दिसायचं.

पण अशी बातमी लपते होय? शनिवारी दुपारी लिंबाजीच्या भाड्याच्या खोलीसमोर पाण्याचा टँकर येऊन थांबला. मागं वाळूचा ट्रक. टँकरमधून सटवाजी उतरला आणि त्याच्या मागून लिंबाजीची लेक सिंधु, छातीशी पिशवी धरून.

"जयभीम, इवाई! घरात गुत्तेदार असून भाईर लखोटे मागिवता? लोकं काय म्हनतील?"

लिंबाजी तोंड उघडेपर्यंत शेजारच्याच त्याच्या प्लॉटवर वाळू पडलीसुद्धा. सटवाजीनं टँकरचा नळ सोडला आणि गल्लीतल्या बायांना हाक मारली. घागरी, बादल्या, पातेली धावत आली. "लिंबाजीदादा, लई मोठ्या मनाचा इवाई भेटला तुमाला," घागर भरता भरता शेजारची भामाबाई म्हणाली. एका टँकरात सगळी गल्ली फितूर झाली.

चहा घेताना सटवाजी गोड हसला. "मला लखोटा-बिखोटा कळत न्हाई. तुमी फकस्त हाव म्हना. सिंधुला आनलीय. ठरलं की संगंच घिऊन जातो."

"आन न्हाई ठरलं तर?" लिंबाजीच्या बायकोनं, पारूबाईनं, विचारलं.

"मंग बघू की," म्हणून तो बशीतला चहा फुंकू लागला.

लिंबाजी मनाशी हिशेब मांडू लागला. नाही म्हणावं तर पोरगी कायमची दारात. हो म्हणावं तर उभ्या जन्माची कमाई त्या असल्या भिंतींत. इकडे आड, तिकडे विहीर, आणि त्या साली पाणी दोन्हीत नव्हतं.

लेकीच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकताना पारूबाईनं पाहिल्या आणि नवऱ्याच्या कानावर घातलं. "दुष्काळात कोन जाड होतंय?" तो म्हणाला. त्याच्या डोक्यात भिंतीच होत्या.

संध्याकाळी सिंधु त्याच्याजवळ येऊन बसली. "बाबा, मामंजींना काम देऊ नका."

"भिंती कच्च्या करतेत, ठावं हाय मला."

"भिंतीचं न्हाई, बाबा..." तेवढ्यात दारात सटवाजी खाकरला. ती उठून चुलीकडे गेली.

लिंबाजीचा ऊर भरून आला. बापाच्या घरासाठी पोर सासऱ्याविरुद्ध बोलायला निघाली! अशा पोरीचा संसार मोडून कसलं घर बांधायचं? त्याचा निश्चय झाला.

रविवारी दोघे गुत्तेदार आले. लिंबाजीनं त्यांचे लखोटे न फोडताच परत केले. "काम घरातच दिलं," तो म्हणाला. त्यांनी वाळूच्या ढिगाकडे पाहिलं आणि काही न विचारता निघून गेले. सटवाजीनं लिंबाजीच्या पाठीवर जोरात थाप मारली. "आता कसं इवायासारखं बोल्लात! सिंधे, आवर."

सिंधु आत पिशवीत कपडे कोंबत होती. लिंबाजी तिच्यापाशी गेला. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं त्याला वाटत होतं.

"तुझ्यासाठी केलं, बाळा. घराचं काय, बघून घिऊ."

तिनं मान वर केली नाही. "मला वाटलं, तुमी न्हाई म्हनाल. म्हंजी मला हितंच ऱ्हायला भेटलं असतं."

काय झालं, कधीपासून, हे विचारायला त्यानं तोंड उघडलं. तेवढ्यात बाहेर टँकरचा हॉर्न वाजला आणि सटवाजीची हाक आली, "इवाई, निघाली का पोरगी?"

"आली, आली," लिंबाजीच्या तोंडून निघून गेलं.