बुचाखालचं टोक

मित्रांनो, कर्कटक म्हटलं की तुम्हाला कंपासपेटीतलं आठवत असेल, बाकावरच्या मित्राला टोचायचं. मीही त्याच घराण्यातला. पण मी पितळेचा, वीतभर उंच आणि तीनशे वर्षांचा म्हातारा. माझ्या एका पायाला पोलादी सुई आहे. त्या सुईने दोघांचं रक्त सांडलं, आणि दोघांचाही काही गुन्हा नव्हता.

मला करवून घेतलं आंद्रेआस नावाच्या एका जर्मन वास्तुकाराने. तो राजवाडे बांधायचा. त्या काळच्या राजांना सरळ भिंती बघवत नसत. वळत जाणारे जिने, सोन्याचा मुलामा, छतावर ढगांत लोळणारी गुबगुबीत बाळं, असं सगळं हवं असे. त्याला बरोक शैली म्हणतात. आंद्रेआस माझ्याकडून वळणं काढून घ्यायचा आणि त्याचा धाकटा भाऊ लोरेन्झ ती दगडात कोरायचा. "दादा, तू काढ वाकडं, मी कापतो वाकडं," म्हणून हसायचा.

एका राजाला आपला वाढदिवस नव्या घुमटाखालीच करायचा होता. आंद्रेआस म्हणाला, "चुना ओला आहे. दोन महिने टेकू हलवू नका." राजाचा कारभारी शिपाई घेऊन आला आणि त्याने टेकूंवर घण घालायला लावले.

घुमट खाली आला. खाली अकरा गवंडी होते. धुळीतून आधी हाका येत होत्या, मग कण्हणं, मग तेही थांबलं. दगडांतून एक हात बाहेर राहिला होता, थापी धरलेला.

कारभाऱ्याने नाकाला रुमाल लावला. "गवंडी काय, मिळतील हो. वाढदिवसाचं काय ते बोला."

मी आंद्रेआसच्या मुठीत होतो. मी त्या माणसाच्या गळ्याकडे झेपावलो. तेवढ्यात लोरेन्झ मध्ये पडला. "दादा, फासावर देतील तुला!" आणि मी त्याच्या तळहातातून आरपार गेलो. हाडाला घासलो, ते मला अजून जाणवतं. त्याची मूठ पुन्हा कधी मिटली नाही. छिन्नी सुटली ती सुटलीच.

आंद्रेआसने दारूच्या बाटलीचं बूच कापून माझ्या टोकावर बसवलं. पुढे त्याने आणखी तीन राजवाडे बांधले. पण काम थांबलं की आधी बूच, मग माणसांशी बोलणं. तिन्ही घुमट उशिरा झाले आणि उभे राहिले. फार पुढे एका युद्धात त्यांच्यावर बॉम्ब पडले. मी एका कपाटात वाचलो.

हातोहाती फिरत मी सिंगापूरला आलो. तिथल्या सेम्बावांग भागात राहणाऱ्या सुचित्राला तिच्या जर्मन साहेबांनी रिटायर होताना मला दिलं, बुचासकट आणि या हकिगतीसकट. तिने ती आपल्या मुलांना, धवल आणि जाईला, कितीदा तरी सांगितली.

परवा खंडेनवमी होती. त्या दिवशी घरातली हत्यारं आणि अवजारं पुजतात. सुचित्राने मला चिंच लावून लखलखीत घासलं. घासताना बूच काढलं, खिडकीत वाळत ठेवलं आणि विसरली. पाटावर ड्रिल, लॅपटॉप, सुरी आणि मी. वर झेंडूची फुलं.

"सुरी पाटावर बसली," तिचा नवरा प्रबोध म्हणाला, "म्हणजे स्वयंपाकाला सुट्टी?"

"हो. आज हॉकर सेंटरच्या टपऱ्यांवर जेवू. आणि आज यांना कुणी हात लावायचा नाही."

तिकडे धवल आइस्क्रीमच्या काड्यांचा राजवाडा करत होता. तीन आठवडे खपत होता. जाईने खालची एक काडी ओढली.

"जाई, डोन्ट टच! पडेल!"

"मी फिक्स करतेय, लाह." इथल्या मुलांच्या वाक्याला शेवटी तो "लाह" लागतोच.

घुमट पडला. जाई आधी घाबरली, मग जीभ दाखवून म्हणाली, "तसाही अग्लीच होता, लाह."

धवलने पाटावरून मला उचललं. ती मूठ मी ओळखली. नऊ वर्षांची होती, पण तीच होती. समोर जाईचे डोळे. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. थांबता येत नाही.

"धवल!" सुचित्रा मध्ये आली. मी तिच्या तळहातात घुसलो. झेंडूवर रक्त उडालं. जाई किंचाळत होती, प्रबोध टॉवेल घेऊन धावला. दवाखान्यात पाच टाके पडले. सुचित्रा चित्रं काढते तोच हात.

तेव्हा माझं एवढं ऐका. आम्हा टोकदारांना घासा, पुसा, ओवाळा, पण बूच परत लावा. आणि राग आला की हातात जे असेल ते आधी खाली ठेवा. आम्हाला माणूस ओळखता येत नाही.

दसऱ्याला सकाळी धवल खिडकीतलं बूच शोधून घेऊन आला. दोन्ही हातांनी त्याने ते माझ्या टोकावर दाबून बसवलं. मग आईजवळ गेला.

"आई, तुझी मूठ मिटते?"

"बघू. बोट ठेव इथे."

त्याने पट्टीवर बोट ठेवलं. सुचित्राने दात आवळले. तिची बोटं थरथरली, थांबली, आणि हळूहळू त्याच्या बोटाभोवती मिटली.